कोरडी जागा

"उद्या शनिवार. शाळा सारवायचीय," चहा पिता पिता माझे वडील, अण्णा, म्हणाले. रिहे गावच्या डोंगरातली त्यांची एकखोली शाळा बंद होऊन कित्येक वर्षं झाली होती. पहाटे ते गेले.

तेराव्यानंतर मी ती शाळा शोधत गेले. त्यांची जुनी विद्यार्थिनी कमळ सोबत होती. तिनं गंजलेलं कुलूप दगडानं तोडलं.

आतली जमीन नुकतीच सारवलेली, ओली होती. मधोमध माणूस मांडी घालून बसेल एवढीच जागा कोरडी.

"गुरुजी पाट्या तपासत बसायचे. आमी पोरी त्यांच्या भवतीनं सारवायचो," कमळ उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली.

त्या जागेला लागून आणखी एक कोरडी जागा होती, लहान मुलीपुरती.

"आणि इथं कोण बसायचं?"

"कुणीच न्हाई, ताई. चला भाईर."

लहानपणी अण्णांनी मला इथं कधीच आणलं नव्हतं.

मी चपला काढल्या.

"अण्णा, मलाही तुमच्या शाळेत बसायचं होतं."