फोन उचलणार कोण?

बायको जाऊन तीन महिने झाले आणि तिचा जुना कॉम्प्युटरही आचके देऊ लागला. तिने लिहिलेल्या आठवणी त्यातच अडकलेल्या, फ्लॉपी चालत नव्हती. म्हणून माझा तितकाच जुना कॉम्प्युटर शेजारी मांडून दोन्हींचे, फोनवरून मजकूर पाठवणारे मोडेम फोनच्या वायरने थेट जोडले. सकाळपासून दोन्ही टुकटुक करत नंबर फिरवून गप्प बसत होते. मी वैतागून वायर उपटणार, तेवढ्यात तिच्या कॉम्प्युटरसमोर बसलेली मेहुणी म्हणाली, “भावोजी, आपण दोघंही फोनच लावतोय. उचलणार कोण?” “तू उचल!” “ताईचे फोन कधी उचललेत? आज तरी उचला.” दातओठ खात मी माझ्या मोडेमला फोन उचलायला सांगितलं. दोन्ही मोडेम किंचाळले आणि माझ्या पडद्यावर बायकोची वाक्यं एकेका अक्षराने उमटू लागली, ती टाइप करायची तशी. “किती हळू! वेग वाढवू, भावोजी?” “अजिबात नको.” मी खुर्ची पुढे ओढली.