गार्डच्या पुढे

मोंटानातल्या त्या रस्त्याला सरकार मेलं तरी कुंपण घालणार नाही. गेल्या आठवड्यात हरणाला धडकून कोरीन मरता मरता वाचली. नोकरीचा रस्ता तोच, म्हणून तिच्या नवऱ्याने, ड्वेनने, पिकअपच्या तोंडाला पोलादी गार्ड ठोकला आणि समोरचं काही जवळ येईल तसे भरभर वाजणारे बंपरवरचे सेन्सर काढून गार्डवर लावले.

कोरीनने आत बसून चावी फिरवली. ड्वेन बाहेर, बाजूला उभा होता. टिट... टिट...

"शहाण्या, सेन्सर आत राहिले! गार्डलाच बघून बोंबलतायत."

"गार्ड जागचा हलत नाही, बाई. हे जवळ येतंय!"

टिटटिट सलग झाली. समोर नुसतं मोकळं कुरण होतं. ड्वेनने सेन्सरची वायरच उपटली. आवाज थांबला.

मग गाडीच्या आत दुसरा आवाज सुरू झाला. कोरीनने शेजारच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. तिथे बसलेल्याने पट्टा लावलेला नाही, असं गाडी बजावत होती.