आरपार

"बारीक तार हाय का कोणापाशी?" सदाशिवरावांनी विचारलं, आणि ठाण्यात उभ्या असलेल्या रहेमान मिस्त्रीनं सवयीनं खिशातली तार काढून पुढं केली.  ती तार आता त्याचाच निकाल लावणार होती.

टेबलावर शाळेचं पिस्तूल होतं, शर्यत सुरू करताना नुसता बार काढायचं. सदाशिवराव पोलिसांसाठी हत्यारं तपासणारे, यवतमाळहून खास त्यासाठी आलेले.

रहेमानचं नेरमध्ये फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान. त्या वर्षी कपाशीवरची अळी कशानंच मरत नव्हती, लोक फवाऱ्यावर फवारे मारत होते. गावाचं वाटोळं होत असताना आपलं दुकान चालतं याची त्याला लाज वाटायची. खेळाचे मास्तर पुंडलिकराव यांनी पिस्तुलाचा घोडा अडकतो म्हणून ते त्याच्याकडं टाकलं. दिवसाला वीस नोझल मोकळी करणाऱ्या माणसानं पिस्तुलाची कंपनीनंच बंद ठेवलेली नळी पाहिली, ती तुंबली समजला आणि फारसा विचार न करता ड्रिल लावलं. ड्रिलचा बिट आतच तुटला. वर हा शहाणा चहाच्या टपरीवर सांगून आला, "गुरुजीच्या पिस्तुलाची नळी चोक हाय, मोकळी करून राह्यलो." शेजारी साध्या कपड्यातला शिपाई चहा पीत होता.

बिट बहुतेक वेळा पलीकडं निघतानाच तुटतो, हे रहेमानला ठाऊक होतं. म्हणजे भोक पार गेलं असेल, याचीच त्याला भीती होती.

"साहेब, चाप दाबला की याचं चक्र आपोआप फिरते," ठाणेदार म्हणाले. "खरं रिव्हॉल्वरच झालं ना हे?"

"घोडा हातानं ओढा नाहीतर चापानं उठू द्या, त्यानं काही होत नाही. मले एकच लिहायचं हाय, नळी आरपार हाय का नाही. आरपार असन त हे हत्यार, अन् मिस्त्री बिनलायसनचं हत्यार बनवणारा. नसन त खेळणं."

रहेमाननं दाराबाहेर पाहिलं. बाकावर त्याची बायको जैबुनबी बसली होती, मांडीवर पिशवी घेऊन. पिशवीत त्याचे दोन शर्ट आणि बीपीच्या गोळ्या. यवतमाळला नेतील, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं.

तार मागच्या बाजूनं आत शिरली. एक बोटभर गेली. आणखी थोडी गेली. जन्मभर प्रत्येक नळीतून तार पार जावी म्हणून खटपट केलेला माणूस डोळे मिटून उलटंच मागत होता, या अल्ला, बंदच राहू दे.

तार थांबली. सदाशिवरावांनी ती फिरवून पाहिली, जोर देऊन पाहिली, मग नळीच्या तोंडात बॅटरी मारली. आत तुटका बिट चमकत होता, पाचरीसारखा घट्ट बसलेला.

"चोक हाय," ते म्हणाले.

 रहेमान खाली बसला आणि सगळ्यांसमोर रडला. बाहेर जैबुनबीनं त्याचं तोंड पाहिलं, माणूस सुटला हे ओळखलं, आणि पिशवी काखेत मारून घराकडं जायला उभी राहिली.

सदाशिवरावांनी दोन ओळी लिहिल्या, सही केली, तार परत दिली. मग आवाज जरा खाली आणला.

"मिस्त्री, माह्या वावरातल्या पंपाचं नोझल बुजलं हाय. गाडीतच ठेवलं हाय. जरा मोकळं करून देता?"

रहेमान डोळे पुसत उठला. तार खिशात न ठेवता त्यानं टेबलावर ठेवली.

"देतो ना साहेब. पण आधी कागदावर लिहून द्या, ते आरपार करू का नको."