अंटार्क्टिकातला कूलर

“थांबवा,” शामला म्हणाली. “टेपमध्ये कूलर वाजतोय.”

कृष्णकांतनं टेपरेकॉर्डर बंद केला. पोह्यांच्या बश्या तशाच राहिल्या. खिडकीतला खरा कूलर मात्र घरघरत होता.

शामलाला पाहायला आलेला कृष्णकांत अंटार्क्टिकाच्या मोहिमेत जाऊन आलाय, असं मध्यस्थ सांगत होता. शामलाचा विश्वास नव्हता. थोरल्या बहिणीला, प्रेमिलाला, कळमेश्वरच्या कारखान्यातला इंजिनिअर म्हणून दाखवलेला नवरा तिथला पहारेकरी निघाला होता. तेव्हा कुणी काही विचारलंच नव्हतं. शामला भौतिकशास्त्रात एम.एस्सी. होती. ती विचारणार होती.

“पृथ्वी तापतेय, ध्रुवांवरचा बर्फ वितळतोय, हे आकड्यांत सांगितलं की लोक जांभया देतात,” कृष्णकांत मघाशी म्हणाला होता. “म्हणून मी ते ऐकवतो.” टेपवर आधी सुसाट वारा होता. मग तडतड. मग तिच्याखालून हळूहळू चढत गेलेली ही घरघर.

“हे तं फुटाणे भाजल्यावानी वाजून राहिलं!” तिचे वडील मनोहरराव तेव्हा हसले होते. आता ते हसत नव्हते.

“काहून वं, पाहुण्याले असं बोलतेत काय?”

“बाबा, अंटार्क्टिकात कूलर कोण लावते?” ती कृष्णकांतकडे वळली. “ही तडतड तुम्ही नागपुरात टेप केलीय. खरं की नाही?”

“खरं. माझ्या खोलीत.”

मध्यस्थ छताकडे पाहू लागला.

कृष्णकांतनं पिशवीतून थर्मास काढला. आतला बर्फाचा खडा चिमट्यानं उचलून त्यानं तिच्यासमोरच्या पाण्याच्या पेल्यात सोडला. “मोहिमेहून आणलेल्यातला हा शेवटचा.”

खडा तडतडू लागला. फ्रिजमधला बर्फ पाण्यात पडला की एकदोनदा तडकतो आणि गप्प होतो, हे शामलाला माहीत होतं. हा थांबेना. थरांखाली दबून राहिलेली हजारो वर्षांपूर्वीची हवा बुडबुडा बुडबुडा फुटून बाहेर पडत होती. आणि खालून कूलरची घरघर. टेपवर होतं, अगदी तेच.

“बर्फ तिकडचाच आहे,” तो म्हणाला. “वितळवणारी हवा आपली. एवढंच ऐकवायचं होतं.”

शामलानं पेला हातात घेतला. तडतड बोटांनाही कळत होती. सकाळपासून तिला धाकधूक होती, की हा माणूस खोटा निघेल. आता वाटलं, हा आणि याचा वितळणारा बर्फ, दोन्ही खोटे निघाले असते तर बरं झालं असतं. नुसतं एक स्थळच गेलं असतं.