गळ्यातली वीणा

अरे, ऐका तर! पटकीनं निम्मं गाव रिकामं केलं. कळमनुरीला डाक्टरसाठी धाडलेली बैलगाडी रिकामीच आली, तवा देवळात सप्ता मांडला. पण टाळकरीच आजारी पडून राहिले, बाकीचे बायका-लेकरं घेऊन रानात पळाले. भजनाला उरलो आमी दोघंच: वीणा गळ्यात घेऊन उभे तातेराव, आन् टाळ घेतलेला मी. सप्ता उठेपर्यंत वीणा भुईला टेकवायची न्हाई, टेकली की गाव बुडालं, असं सगळेच मानायचे. तिकडं तातेरावांचं पोरगं घरी पटकीनं तळमळत होतं. वीणा आपल्या गळ्यात घेऊन त्यांना सोडवायला सकाळपासून कुणी आलं न्हाई. माझ्या गळ्यात माळ न्हाई, मला वीणा चालत न्हाई.

"जा रं बाबा, एखादा माळकरी तरी आण," तातेराव रडकुंडीला आले.

म्या सारं गाव पालथं घातलं. दारं बंद!

परत आलो, तर त्यांची बायको मंजुळाबाई देवळात शिरत होती.

"आणा ती वीणा इकडं."

"येडी झाली का? बाईमाणूस वीणा धरत न्हाई!"

"माळ माझ्याबी गळ्यात हाये. आणा."

"आन् लेकराला एकटं टाकून काहून आलीस?"

तिनं वीणा काढून आपल्या गळ्यात घातली, तार छेडली.

"तुमी जा आता. त्याच्या मातीला बाप लागतो. तिथं मला कुणी येऊ देणार न्हाई."