बांधाखालचं बाळ

"वहिनी, शिवूला जरा लांब घ्या. तोंडात घातलं तर पंचाईत," दत्तप्रसाद म्हणाला आणि टेबलावर पसरलेल्या वर्तमानपत्रावर त्याने आणखी एक हाड ठेवलं. करंगळीच्या पेराएवढं.

अक्षयाने शिवांगीला कडेवर घट्ट धरलं. नवऱ्याची ही रविवारची हौस तिच्या सवयीची झाली होती. जितेंद्र जवळच्या कट्टा गावात बँकेत, त्याचा मित्र दत्तप्रसाद शाळेत भूगोलाचा मास्तर. दोघे मिळून खाडीकाठ पालथा घालायचे. दगड झालेले शंख, गारगोटीची जुनी पाती, एकदा कसल्याशा मोठ्या माशाचा दात. फोटो हौशी संग्राहकांच्या ग्रुपवर टाकायचे आणि ओळख पटेपर्यंत जितेंद्रचं जेवणात लक्ष नसायचं.

पण हे बाळ होतं. आचऱ्याच्या त्यांच्याच माडबागेत, खाडीने बांध खाल्ला तिथे, शिंपल्यांच्या थराखाली काल निघालेलं. हाडं तपकिरी, उशाला तीन दगड, मनगटाशी मणी.

"दोन हजार वर्षं तरी जुनं, असं ग्रुपवर सगळे म्हणतायत," जितेंद्र भिंगातून बघत म्हणाला. "काळे मणी इथले, दगडाचे. तांबडे बाहेरून व्यापारात आलेले. उद्या कोल्हापूरहून प्राध्यापक येतायत. सगळं घेऊन जातील."

"घेऊन जातील म्हणजे?"

"तपासतील. मग संग्रहालयात. काचेची पेटी, खाली आमची नावं."

"आधी माजा नाव घाल हां," दत्तप्रसाद म्हणाला. "जागा तुजी आसात, पण पाय घसरान खाली पडलो तो मी."

दोघे हसले. अक्षया मण्यांकडे बघत राहिली. पाच काळे, एक तांबडा. पुन्हा पाच काळे, एक तांबडा. खाऱ्या मातीत काचेची चकाकी गेली होती, एवढंच. दोघांनी मणी भिंगाखाली पाहिले होते, पण बाळाच्या हातात मनगटी बांधायची वेळ दोघांवरही कधी आली नव्हती.

तिने शिवांगीचं मनगट हळूच मुठीत झाकलं. बारशाला दुकानातून आणलेल्या मनगट्या सासूने तोडल्या होत्या आणि मणी पुन्हा आपल्या हाताने ओवले होते. पाच काळे, एक तांबडा.

ती शिवांगीला घेऊन आत वळली. आधी सासूला विचारायला हवं होतं.

सुभद्राबाई स्वयंपाकघरात नारळ खवत होत्या. काल हाडं घरात आल्यापासून त्या बाहेर फिरकल्या नव्हत्या. एरवीही त्या शिवांगीला घरापुढच्या खळ्यात घटकाभरही एकटं झोपवू द्यायच्या नाहीत. सुरुवातीला अक्षयाचे त्यावरून खटके उडायचे. एक मूल गमावलेल्या बाईचा जीव असाच टांगणीला लागणार, हे तिला आज कळत होतं.

"आई, ते मणी तुम्ही ओवलेले ना?"

खवणीवरचा हात थांबला.

"बाळ तुमचं होतं?"

सुभद्राबाईंनी पदराला हात पुसले आणि शिवांगीला मांडीवर घेतलं.

"तापान गेलो," त्या म्हणाल्या. "तुजो सासरो बोटीर. ह्या माडात मी आणि तो, तिसरा कोण नाय. दात येवक नव्हते. तसल्या पोराक जाळूचा नसता. मगे माजा मीच पुरलंय."

"एकटीने? कोणालाच सांगितलं नाहीत?"

"कोणाक सांगू? सासरो शिमग्याक येवचो होतो. झिलाचा, आपल्या पोराचा तोंड पयल्यांदा बघूक."

अक्षयाला हुंदका आवरेना. बाहेर जितेंद्र कवटीचं माप मोठ्याने सांगत होता, दत्तप्रसाद लिहून घेत होता.

"मी त्यांना सांगते, आई. प्राध्यापक यायच्या आत आपण त्याला परत ठेवू."

"जितूक सांगू नको."

"का? त्यांचा सख्खा भाऊ आहे तो. कळलं तर ते स्वतःच्या हाताने माती देतील."

"नको म्हटलंय ना गो."

"मग उद्या काचेच्या पेटीत जाईल तो. शाळेची पोरं रांगेने बघतील. चालेल तुम्हाला?"

सुभद्राबाई शिवांगीच्या केसांतून बोटं फिरवत राहिल्या. अक्षया त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली. आवाज खाली आणून तिने विचारलं, "त्याचं नाव तरी ठेवलं होतं?"

"ठेवल्लंय. बारसा केल्लंय." त्यांनी नातीला छातीशी आवळलं. "जितेंद्र."

अक्षयाने दाराकडे पाहिलं. तिचा नवरा दिव्याखाली वाकून एकेक हाड कापसात गुंडाळत होता.

"मग हे कोण?"

"ह्यो जत्रेत गावलो," सासूबाई म्हणाल्या. "झाडाखाली फडक्यार निजल्लो. त्येची आवस, खरी आई, पाठमोरी पाणी भरी होती."