मधला मजला

पाइपचा तुकडा फरशीवर आदळला आणि आरेगला बरं वाटलं. भिंत आता पूर्ण मोकळी झाली होती.

आधी कागद निघाला होता, मग कागदाखालचा कागद, मग प्लास्टर. आता उरलं होतं ते नुसतं काँक्रीट. कारखान्यात ओतून क्रेननं जागेवर आणलेलं, करडं, खडे दिसणारं. कोपऱ्यात क्रेनच्या हुकाची लोखंडी कडीसुद्धा तशीच होती. शेजारी आपसांत म्हणत, पोरानं येरेवान शहरात घर घेतलं, पण भिंतींना पैसे पुरले नाहीत.

बेल वाजली. त्याच्या बायकोनं, नाझेलीनं, दार उघडलं. खालच्या मजल्यावरचे हमायाक आजोबा घरातल्या सपाता घालूनच वर आले होते. त्यांच्या हातात चमचा होता.

"कापलास?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"काय, आजोबा?"

"पाइप."

"तो हीटिंगचा? तो तर मी जन्मायच्या आधीपासून थंड आहे."

हमायाक आत आले. पाइपचं एक टोक फरशीतून वर आलं होतं, दुसरं छतातून लोंबत होतं. मध्ये काहीच नव्हतं. मग त्यांनी भिंत पाहिली.

"आणि हे काय? आम्ही आयुष्यभर असल्या भिंती झाकल्या. कागद लावला, वर गालिचा टांगला. तू मजुरी देऊन उघडी केलीस?"

"मला अशीच आवडते," आरेग जरा लाजून म्हणाला. "आत काय आहे ते दिसतं."

"काय आहे?"

"खडे."

हमायाकनी त्याच्याकडे पाहिलं. ते रागावलेले नव्हते. ते कुठून सुरुवात करावी हे शोधत होते.

"तुमच्या वर झावेन राहतो," ते शेवटी म्हणाले. "आम्ही ह्या पाइपवर बुद्धिबळ खेळतो. आधी उभी ओळ ठोकायची, मग घर. कुठून, कुठं. माझे कान गेलेत, माणसांचं बोलणं ओठ बघून निभावतो, पण पाइप मुठीत धरला की कळतं."

"मग फोन लावून देऊ का?" नाझेली म्हणाली. "त्यावर सांगा चाल."

"फोनवर तो बोलतो, पोरी. बोलायला लागला की आर्पिकवर येतो आणि रडतो. मला धड ऐकू येत नाही, मी नुसता हो हो करतो. वर गेलो तर माझं तोंड बघूनच रडतो. जर्दाळूच्या दिवसांत गेली आर्पिक, त्याची बायको. तेव्हापासून तो माणसात असतो तो फक्त ह्या पाइपवर."

आरेगनं हातातली करवत हळूच फरशीवर ठेवली.

तेवढ्यात छतातलं टोक वाजलं. एकदाच. थोड्या वेळानं पुन्हा एकदा.

"वाजतंय," नाझेली म्हणाली.

"किती?"

तिनं त्यांचं मनगट धरलं आणि जसं वाजलं तसं बोटानं त्यावर ठोकलं. एक. मग थांबून एक. मग पुन्हा एक.

हमायाकचा चेहरा उतरला.

"ही चाल नव्हे. ही हाक आहे. पाळी माझी होती आणि मी गप्प झालो. त्याला वाटेल, हाही गेला." त्यांनी चमचा आरेगपुढे धरला. "माझा हात पोचायचा नाही. चढ."

आरेग शिडीवर चढला. हमायाक खालून सांगू लागले. "वजीर. चौथी ओळ, पहिलं घर. तिथून चौथी ओळ, पाचवं घर. आणि नीट ठोक. ठोकलेली चाल परत घ्यायची नाही, असं ठरलंय आमचं."

आरेग ठोकू लागला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. नाझेली बोटं मुडपत मोजत होती. शेवटच्या घराला तिचं सहावं बोट मुडपलं आणि ती थबकली.

"आरेग, सहा झाले."

"नाही."

"झाले. वजीर सहाव्या घरात गेला."

हमायाकनी डोळे मिटून पट आठवला. "थेट घोड्याच्या तोंडी," ते म्हणाले.

"मी कळवतो त्यांना! वर जाऊन सांगतो, मी ठोकलं म्हणून. ही तुमची चाल नाहीच—"

"खबरदार उतरलास तर. तिथंच थांब."

वर शांतता होती. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग आणखी कसलासा, नाझेलीला ओळखू न येणारा. आरेगनं शिडीच्या वरच्या पायरीवर उभं राहून कान छताला लावला.

"काय करतोय?" हमायाकनी विचारलं.

"खोकताहेत बहुतेक."

"नीट ऐक."

"नाही. हसताहेत." आरेगनं दुसरा कान लावला. "काहीतरी म्हणताहेत. गाढव म्हणताहेत."

"मला," हमायाक नाझेलीकडे वळून म्हणाले. "मला म्हणतोय."

ते प्लास्टरच्या पोत्यावर जाऊन बसले. पाइप धरायची सवय असलेला हात त्यांनी मांडीवर ठेवला. खोलीत त्यांच्यापुरतं काहीच वाजत नव्हतं. त्यांनी थोडी वाट पाहिली.

"अजून हसतोय?"

आरेगचा गाल काँक्रीटला टेकलेला होता, पापण्यांवर धूळ बसली होती. त्यानं नुसती मान डोलावली, अजून.